पाठकोरे कागद

मास्तर कागद उचलायच्या आधी उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावायचे. सगळी नोकरी एसटीत तिकिटं फाडण्यात गेलेली, त्यामुळं अंगठा आपोआप तोंडाकडं जायचा. आमच्या विभागात तर भिंतीवर पाटीच आहे : ओला हात लावू नये, शाईचं पेन आणू नये, कागदावर कोपर टेकू नये. मी टेबलाआडून खाकरले की मास्तर दचकायचे, अंगठा धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "चुकलं बघा म्याडम. हाताची सवय हाय. वर गेल्यावर यमाची वहीबी मी अशीच उलटणार."

कंडक्टरला आमच्या भागात मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. मीही तेवढंच म्हणायचे.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मीळ संग्रह विभागात काम करते. तुमच्यापैकी कोणी अशा विभागात पाऊल टाकलं असेल तर तिथली शांतता तुम्हाला ठाऊक असेल. खाली अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पोरं खुर्चीसाठी सकाळी सहापासून रांग लावतात. वर आमच्याकडं पोथ्या, रुमालात बांधलेले मोडी कागद, जुनी मासिकं, कुणाकुणाच्या रोजनिशा आणि आठवड्याला तीन-चार वाचक. काही दिवस असे जातात की सकाळी शिपायाला "दार उघडा" आणि संध्याकाळी "दार लावा" एवढंच मी बोललेली असते. नवऱ्याची बदली नांदेडला. घरी गेल्यावरही फारसं वेगळं नसतं.

मास्तर पहिल्यांदा आले ते रिक्षातून, दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन. पांढरं धोतर, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. शिपायानं पेट्या वर आणल्या. मास्तरांनी कुलूप काढलं आणि मी उठून उभीच राहिले. आत पतंगाच्या कागदासारखे पातळ, गुलाबी, पिवळे, पोपटी कागद. हस्तपत्रिका. कुस्तीची मैदानं, तमाशाचे फड, गावोगावच्या जत्रा, जनावरांचे बाजार, सर्कस, नव्या दुकानांची उद्घाटनं, निवडणुकीच्या सभा.

"कोल्हापूर-गडहिंग्लज लाइन हुती माजी," मास्तर म्हणाले. "तिथनं पुढं पार हद्दीपतूर. लोक गठ्ठं आणून द्यायचे, मास्तर, एवढं वाटत जावा. मी वाटायचो. एक आपल्याकडं ठेवायचो."

असले कागद कुणी जपून ठेवत नाही. सकाळी वाटायचे आणि संध्याकाळी त्यात भजी बांधायची. म्हणून तर ते आम्हाला सोन्यासारखे. आमच्या विभागप्रमुख सरांनी मास्तरांचा हात हातात घेतला. मी देणगीचा अर्ज भरायला बसले.

"देणगीचं कारण काय लिहू?"

"जागा न्हाय म्हणून लिवा की. पोरगं पुण्याला, नवव्या मजल्यावर ऱ्हातंय. मालकीण गेली गेल्या साली. आज ना उद्या मलाबी तिकडंच जायाचं. तिथं ह्या पेट्या कुठं ठेवू?"

मग त्यांनी अर्धा दिवस बसून एकेका कागदाची हकीगत सांगितली. कुठल्या मैदानात कोण चितपट झाला, कुठला फड पावसात अडकून आठ दिवस गावच्या शाळेत राहिला. मी भराभर लिहून घेत होते. त्यांनी एकही कागद उलटा करून दाखवला नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

पुढचे चार महिने मी त्या हस्तपत्रिकांची सूची केली. आमच्या नोंदीत एक रकाना असतो, मागील बाजू. बहुतेक पत्रिका पाठकोऱ्या असतात. पहिल्या वीस-पंचवीस मी उलटून पाहिल्या. मागं पेन्सिलीनं, गिरवल्यासारख्या मोठ्या अक्षरात भाकरी, दूध असलं काहीतरी. मी लिहिलं : "किरकोळ घरगुती लिखाण. स्कॅन नको." आणि तेच वाक्य खालपर्यंत सगळ्या नोंदींना लावून टाकलं. कामाचा तो एक सोपा मार्ग असतो. हा निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

देणगी दिल्यावर माणसं सहसा परत येत नाहीत. मास्तर मात्र दर बुधवारी अकराला यायला लागले. आपल्याच कागदांसाठी चिठ्ठी भरायचे. वाचकाचं नाव, तेच. देणगीदाराचं नाव, तेच. "आपल्याच घरात तिकीट काढून शिरायचं," म्हणून हसायचे. खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे, माझ्याकडं पाठ करून. कागद हातात आला की पालथा घालायचे आणि तसाच समोर ठेवायचे. मला वाटायचं, उजेडानं रंग उडू नये म्हणून. मनात म्हणायचे, बघा, याला म्हणतात जाण.

जाताना माझी सूची तपासायचे. "ह्यो फड त्या जत्रेला आलाच न्हाय. पत्रिका छापली, गाडा घाटात मोडला." मी नोंद दुरुस्त करायचे. बुधवारची मी वाट बघायला लागले होते, हे खरं. डब्यात चटणी जास्त घेऊन जायचे.

मग स्कॅनिंग झालं. सगळ्या पत्रिका संगणकावर आल्या आणि मूळ कागद खोक्यांत भरून भांडारखोलीत कुलपात गेले. नियमच आहे तो. एकदा प्रत निघाली की मूळ कागदाला हात लावायचा नाही. पुढच्या बुधवारी मी मास्तरांना मोठ्या कौतुकानं पडद्यासमोर बसवलं.

"हे बघा मास्तर, हवं तेवढं मोठंसुद्धा करता येतं."

"लई झ्याक दिसतंय," ते म्हणाले. "आता पाठ दावा."

"पाठ?"

"मागली बाजू ओ."

"मागची बाजू घेतली नाही आपण."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते खुर्चीतून थोडे उठले, वाकले आणि खरोखरच पडद्याच्या मागं डोकावून आले. मला हसू आलं. ते परत बसले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून ते हसू माझ्या तोंडातच राहिलं.

"न्हाय घेतली म्हंजे? मग ती गेली?"

"गेली नाही हो. कागद आहेत आत. पण काय होतं तिथं?"

ते धोतराचा सोगा चाळवत राहिले. मग जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकणार नाही, कारण ते फार थांबत थांबत सांगत होते.

नोकरीच्या सुरुवातीला ते गडहिंग्लजला एका खोलीत राहायचे. बायको हद्दीपलीकडची. घरात कानडी बोललेली, शाळेत न गेलेली. मास्तर मुक्कामी गाडीवर. रात्री कुठल्यातरी खेड्यात गाडी लावायची, सकाळी परत आणायची, खोलीवर पोचायला दहा. तोवर ती भांगलायला रानात गेलेली. मास्तर जेवायचे, पडायचे, दुपारी निघायचे. ती संध्याकाळी यायची. कधी शेवटची गाडी असायची, तेव्हा ते घरी पोचेतो ती झोपलेली. एका खोलीत राहून दोघं एकमेकांना दिसायचे ते बुधवारी. बुधवारी मास्तरांची सुट्टी.

"बुधवारी पाटी घिऊन बसायचो," मास्तर म्हणाले. "नुसता 'अ' गिरवायला आठ बुधवार गेलं. 'मला कशाला शिकिवताय' म्हणायची. म्हटलं, काय सांगायचं ऱ्हायलं तर लिवून ठेवत जा. कागद कुठला? तर मी आणल्याला ह्यो. एक बाजू रिकामी असायची की."

तिनं लिहून ठेवायला सुरुवात केली, आणि मुलगा हाताशी येईपर्यंत, पुढं खोलीचं घर होईपर्यंत लिहीत राहिली. मास्तर एकेक कागद पेटीत टाकत गेले.

"अहो, मग हे देताना का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता.

"काय सांगू? बायकोच्या चिठ्ठ्या हाईत म्हटलं असतं, तर घेतल्या असत्या काय तुमी?"

मी पडद्यावर नोंद उघडली. रकान्यात माझंच वाक्य होतं.

पाठीही स्कॅन करू म्हणून मी त्याच आठवड्यात सरांकडं गेले. सर म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे सरकारी कामात असलेल्यांना सांगायला नको. भांडारखोलीची किल्ली माझ्याकडं होती. दर बुधवारी मी एक खोकं काढून मास्तरांपुढं ठेवायला लागले. नियमाविरुद्ध होतं ते. नोंदवहीत मी "तपासणीसाठी" असं लिहायचे.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या पाठी नीट वाचल्या. अक्षर गोल, शब्दांत अंतर जास्त, मराठी तिच्या पद्धतीची. "भाकरी दुरडीत आहे. हालु तापवून ठेवला आहे. ऊटा माड्री." दुधाला ती शेवटपर्यंत हालुच म्हणत राहिली. आणि ऊटा माड्री म्हणजे जेवा. "पाऊस आली. तुमची धोतर आत घेतली." "पोराला ताप होती, उतरली. काळजी नको." मराठीतलं तो, ती, ते तिला कधी जमलं नाही. मास्तर वाचून दाखवायचे आणि त्या चुकांवर बोट ठेवून हसायचे.

"तुम्ही काय लिहायचा उत्तरात?" मी एकदा विचारलं.

"मी कशाला लिवतोय? ताट रिकामं दिसलं की तिला कळायचंच की," ते म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा मेसेज आला, "जेवलीस का? इथं लाइट गेलीय." मी नेहमीप्रमाणं अंगठा पाठवला. मग तो अंगठा बराच वेळ बघत बसले, आणि खाली लिहिलं की आज पिठलं केलंय, एकटीनं खाताना तिखट लागलं. त्याचा लगेच फोन आला. काय झालं म्हणून घाबरला होता.

त्यानंतर पाच-सहा बुधवार गेले असतील. मला एका वाचकासाठी खिडकीजवळच्या कपाटातून काहीतरी काढायचं होतं. मी मास्तरांच्या मागून गेले. आमच्याकडं वाचकांना टिपणासाठी पेन्सिल आणि कोरा कागद देतात. कोरा कागद बाजूला तसाच कोरा पडला होता. मास्तर वाकून हस्तपत्रिकेच्या पाठीवर लिहीत होते. मूळ कागदावर.

"मास्तर! काय करताय हे?"

ते इतके दचकले की पेन्सिल खाली पडली.

"असं लिहायचं नसतं यावर! इतक्या वेळा सांगितलं ना नियम म्हणून? किती कागदांवर लिहिलंत?"

"माजंच हाय की ते," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमचं नाही राहिलं आता. विद्यापीठाचं आहे."

हे वाक्य मी म्हटलं. बाकीचे दोन वाचक मान वर करून बघत होते. मास्तर वाकले, पेन्सिल शोधून काढली आणि टेबलावरच्या डब्यात नीट उभी केली. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. नोंदवहीत जाण्याची वेळ लिहिली, सही केली, आणि जिना उतरून गेले.

मी खोकं घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथं आमचे दुरुस्ती करणारे काका बसतात. फाटलेले कागद खळीनं जोडतात, कसरीची भोकं बुजवतात. "काका, यावर वाचकानं पेन्सिल चालवलीय," मी म्हटलं. काकांनी कपाटातून मऊ रबर काढलं. "द्या हिकडं. कागदाला कळनारबी न्हाय असं काढतो."

त्यांच्या हातात देण्याआधी मी वरचा कागद वाचला.

"भाकरी दुरडीत आहे," तिच्या गोल अक्षरात. त्याच्या खाली, कापऱ्या, तिरक्या अक्षरात : "खाल्ली."

दुसरा. "पाऊस आली. तुमची धोतर आत घेतली." खाली : "बघितलं. बरं केलंस."

"पोराला ताप होती, उतरली." खाली : "दिवसभर गाडीत त्येच डोक्यात हुतं."

"आज वांगी केली. तुम्हाला आवडतो म्हणून." खाली : "झ्याक झालती. सांगायचं ऱ्हायलं."

काका रबर हातात धरून थांबले होते. मी एक कागद उचलला आणि तो मात्र खाली ठेवता येईना. त्यावर तिनं एवढंच लिहिलं होतं, "तुम्ही वाचता का नाही?" आणि त्याखाली मास्तरांनी इतकं दाबून लिहिलं होतं की पुढच्या बाजूला, कुस्तीच्या मैदानाच्या ठळक अक्षरांत, उठाव आला होता. "वाचतोय."

"खोडू?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी अकराला जिन्याकडं बघायचे. चौथ्या बुधवारी अर्धी रजा टाकून अर्जावरच्या पत्त्यावर गेले. रंकाळ्याच्या पलीकडं, एका बोळात बैठं घर. दाराला कुलूप. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"मास्तर व्हय? त्येंचं पोरगं आलतं गाडी घिऊन. पुन्याला न्हेलं. लई दिवस नगो म्हणत हुते, मग काय झालं कुणास ठावं, एका बुधवारी घरला आले आनी सोताच फोन करून म्हणाले, ये, घिऊन जा मला."

त्या बोळातून गाडीपर्यंत चालताना मला माझंच वाक्य ऐकू येत होतं.

मुलाचा नंबर अर्जावर होता. दोन दिवसांनी हिय्या करून मी फोन लावला. मुलानं मास्तरांना दिला.

"कोण? विद्यापीठ? काय ऱ्हायलंय का माजं तिथं?"

"मास्तर, मी चुकले," मी म्हटलं. "तुम्ही लिहिलेलं काही खोडलेलं नाही. सगळ्या पाठी मी स्वतः स्कॅन करायला घेतल्यात. तुम्ही या. उरलेल्या कागदांना उत्तरं लिहा."

पलीकडून लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. "आता कुठलं म्याडम," ते म्हणाले. "खाली उतरायचं म्हटलं तरी सोबत लागतीया. तुमीच लिवा की. 'खाल्ली' म्हणून लिवायचं. त्यात काय अवघाड हाय?"

कागदावर मला लिहिता येणार नव्हतं. त्यांच्या नावानं दुसऱ्यानं लिहिलेलं अक्षर कागदावर गेलं तर तो कागदच खोटा होतो. मी सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "संगणकातल्या नोंदीत टीप म्हणून रकाना आहे ना? त्यात काय लिहायचं ते तुमच्यावर."

तेव्हापासून दर बुधवारी अकराला मी पुण्याला फोन लावायचे. नमस्कार-चमत्कार आम्ही पहिल्या दोन वेळांनंतर सोडूनच दिले. मी थेट वाचायचे, "'चुलत्याकडं लग्नाला जाते. दोन दिवस नाही. भात करून घ्या.'" मास्तर पलीकडं हसायचे. "लिवा. 'भात करपला. शेजारनं आणला.'" मी रकान्यात टाकता टाकता मोठ्यानं म्हणायचे : देणगीदाराचं उत्तर, भात करपला, शेजारून आणला. ते ओरडायचे, "शेजारून न्हवं ओ, शेजारनं! मी बोलतोय तसं लिवा." मी खोडून शेजारनं करायचे.

एकदा मी वाचलं, "'आज आईची आठवण आला. बोलायला कोण नाही.'"

फोन लागलाय का म्हणून मी पाहिलं. लागलेला होता.

"मास्तर? काय लिहू?"

"ह्येला ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कोरं सोडा. तवा मी न्हवतो तिथं. आता 'मी हाय की' म्हणून लिवलं तर ती काय म्हणंल?"

तो रकाना मी कोरा सोडला. सूचीत कोरा रकाना दिसला की संगणक लाल खूण करतो. ती आहे अजून.

असे आठ-नऊ महिने गेले. कधी दहा कागद व्हायचे, कधी दोनच. मास्तरांना धाप लागायची. मग "आज एवढंच, म्याडम" म्हणायचे. मी खोक्यात खूण ठेवायचे. अजून दोनेकशे कागद बाकी होते.

एका बुधवारी मी नेहमीसारखा फोन लावला. उचलला. मी पोपटी रंगाचा कागद पालथा करून वाचायला लागले.

"'अंगात कसर आहे, लवकर झोपते. दार नुसती लोटली आहे. ढकलला की उघडतो.'"

पलीकडून लगेच काही आलं नाही. मास्तरांना वेळ लागायचा हल्ली, म्हणून मी बोटं कळफलकावर ठेवून थांबले.

"मॅडम," आवाज आला. "मी त्यांचा मुलगा बोलतोय."

मी बोटं काढून घेतली.

"बाबा शुक्रवारी गेले. तुम्हाला कळवायचं राहिलं. आज बुधवार आहे हे लक्षातच नाही आलं माझ्या."

कुणाला तरी सांगावं म्हणून मी मागं पाहिलं. वाचनकक्षात कोणी नव्हतं.

"तुम्ही आत्ता वाचलंत ते," तो म्हणाला, "ते आईचं आहे का?"

"हो. तुमच्या आईचं अक्षर आहे."

"ती लिहायची हे ठाऊक होतं. मी कधी वाचलं नाही. पुढं काय लिहिलंय?"

मी कागद उजेडाकडं धरून पाहिला. खाली कुठं काही पुसट राहिलंय का, तेही पाहिलं.

"पुढं काही नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.